टक्का सांगा, पण तो कुणाचा तेही सांगा

कोल्हापूर जिल्ह्यातले सोनोग्राफी करणारे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि आरोग्य खात्यातले अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. श्वासपटलाला जन्मतःच भोक असलेली बाळं, ज्यांना आपण सगळे सीडीएचची (कंजेनिटल डायफ्रॅमॅटिक हर्नियाची) बाळं म्हणतो, आमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्या आधी एक आकडा येऊन पोचलेला असतो. बाळ पोटात असतानाच तो कुणीतरी सांगितलेला असतो. ‘तीस टक्के चान्स’, ‘फिफ्टी-फिफ्टी’, ‘काही उपयोग नाही’. त्या आकड्यावर घरच्यांनी काय काय ठरवलेलं असतं! बाळंतपण कुठं करायचं, म्हैस विकायची की दागिने, आईला सांगायचं की लपवायचं, बाळ ठेवायचं की नाही. हे पत्र त्या आकड्याबद्दल आहे. तुम्ही सगळे माझ्याहून कितीतरी जास्त शिकलेले आहात. पण तुमच्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्या आकड्याचं पुढं काय होतं, ते आम्ही सिस्टर लोक वॉर्मरशेजारी उभं राहून बघतो, म्हणून लिहायचं धाडस करते आहे.

पालकही हे वाचतील, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. गर्भ अगदी लहान असताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा पूर्ण जुळत नाही. शंभरातल्या ऐंशीहून जास्त बाळांत भोक डाव्या बाजूला असतं. आतडी, जठर, प्लीहा, कधी यकृताचा भागही छातीत चढतो, हृदय बाजूला ढकललं जातं आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. भोक शिवता येतं. अमेरिकेत रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४६ मध्ये चोवीस तासही पूर्ण न झालेल्या बाळावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि मग कित्येक वर्षं जन्मल्याबरोबर ऑपरेशनची घाई होत राहिली. पुढं लक्षात आलं की जीव भोकामुळं जात नाही. तो जातो लहान राहिलेल्या फुप्फुसामुळं आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांमध्ये चढलेल्या दाबामुळं. म्हणून आता आधी बाळ स्थिर करतात, ऑपरेशन त्यानंतर. आणि म्हणूनच बाळाचं पुढं काय होईल हे सांगायचं तर फुप्फुस किती वाढलंय ते मोजावं लागतं.

हे मोजमाप १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी मांडलं. भोकाच्या विरुद्ध बाजूच्या फुप्फुसाचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याला डोक्याच्या घेरानं भागायचं. यालाच आपण एलएचआर म्हणतो. त्यात एक अडचण होती. बारा ते बत्तीस आठवड्यांत फुप्फुसाचं क्षेत्रफळ साधारण सोळा पटीनं वाढतं, डोक्याचा घेर मात्र चार पटीनं. म्हणजे बाळ जराही सुधारलेलं नसताना नुसते आठवडे सरले की हा आकडा मोठा होतो. म्हणून २००७ पासून तो त्या आठवड्याच्या निरोगी गर्भाशी ताडून टक्क्यांत सांगतात. डाव्या बाजूच्या हर्नियात अपेक्षेच्या २५ टक्क्यांहून कमी म्हणजे गंभीर. २५ ते ३५ मध्यम. ३५ ते ४५ असेल आणि यकृत वर चढलेलं असेल तरी मध्यमच.

आता इथंच काय घडतं ते बघा. रिपोर्टवर लिहिलेलं असतं २८ टक्के. तो फुप्फुसाच्या आकाराचा टक्का असतो. घरी पोचेपर्यंत तो बाळ जगण्याचा टक्का झालेला असतो. सासूबाई शेजारणीला सांगतात, डॉक्टर म्हणाले शंभरात अठ्ठावीस. कुणी खोटं बोललेलं नसतं. फक्त ‘हा टक्का फुप्फुसाचा आहे, जगण्याचा नाही’ हे एक वाक्य बोलायचं राहून गेलेलं असतं. हे मी एका घरात नाही, पुष्कळ घरांत ऐकलं आहे. आपल्याकडच्या समुपदेशनातली सगळ्यात सोपी दुरुस्ती कुठली, असं मला विचाराल तर ती हीच, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा कसा मोजला. सर, मॅडम, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायला नको, पण रिपोर्ट आमच्या फाइलमध्ये येतात आणि त्यात हे लिहिलेलं सापडत नाही. फुप्फुसाची कड रेखून क्षेत्रफळ घेतलं की दोन व्यासांचा गुणाकार केला, यानं आकडा बदलतो. सर्वांत लांब व्यास धरून गुणाकार केला तर फुप्फुस आहे त्याहून मोठं दिसतं. कड रेखून घेतलेलं माप जास्त भरवशाचं मानतात. यकृत वर आहे की खाली, जठर छातीत कुठवर आलंय, हृदयात दोष आहे का, भोक उजवीकडं आहे का, हे सगळं त्या एका टक्क्याइतकंच महत्त्वाचं आहे. उजवीकडचा हर्निया तर सोनोग्राफीत निसटतोही, कारण यकृत आणि फुप्फुस पडद्यावर सारखेच दिसतात. आणि हे सगळे हिशेब ज्या बाळाला दुसरा कुठलाही दोष नाही त्याच्यासाठी बांधलेले आहेत. सीडीएचच्या बऱ्याच बाळांना हृदयाचा, गुणसूत्रांचा किंवा आणखी कसला तरी दोष असतो, तिथं हे कोष्टक लागू पडत नाही. रिपोर्टवर नुसतं ‘सीडीएच, प्रोग्नोसिस पुअर’ लिहून आल्यावर पुढच्या डॉक्टरनं आणि आम्ही काय समजायचं?

आता मूळ मुद्द्यावर येते. जगण्याचा टक्का आपण सांगतो, तो कुठल्या बाळांचा?

२०२१ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गर्भातच श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवून फुप्फुस वाढवण्याची. गंभीर गटातल्या ८० मातांपैकी निम्म्यांवर हा उपचार केला, निम्म्यांवर नाही. फुग्याच्या गटातली ४० पैकी १६ बाळं जगून घरी गेली, दुसऱ्या गटातली ४० पैकी ६. म्हणजे ४० टक्के आणि १५ टक्के. मध्यम गटात ९८ पैकी ६२ आणि ९८ पैकी ४९, म्हणजे ६३ आणि ५० टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्रानुसार पक्का धरता आला नाही. फुग्याची किंमतही होती, पाणमोट लवकर फुटण्याचं आणि अकाली प्रसूतीचं प्रमाण बरंच वाढलं. हे आकडे खरे आहेत, प्रामाणिक आहेत. पण ती बाळं अशा केंद्रांत जन्मली जिथं ही बाळं नेहमी येतात, प्रसूतीच्या खोलीत नवजात तज्ज्ञ तयार उभे असतात, उपचारांची पद्धत लिहून ठरलेली असते आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी एक्मो, म्हणजे फुप्फुसाचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्रही असतं. तिथला १५ किंवा ५० टक्के हा आकडा आपल्या जिल्ह्यातल्या चंदगडच्या बाळाला जसाच्या तसा लावता येत नाही. कधी आपला आकडा त्याहून कमी असेल. एखाद्या गटात कदाचित बराही असेल. आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण मोजलेलंच नाही.

आणि मोजायचं तर कुणाला धरून? अमेरिकेतले बालशल्यचिकित्सक मायकल हॅरिसन यांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये तिथल्या नोंदी तपासून एका गोष्टीला नाव दिलं, दडलेली मृत्युसंख्या. मोठ्या रुग्णालयाला आपले निकाल चांगले दिसतात, कारण सगळ्यात आजारी बाळं तिथवर पोचतच नाहीत. ती पोटात, प्रसूतीच्या खोलीत किंवा वाटेत जातात. जे रुग्णालय फक्त आपल्या दारात आलेली बाळं मोजतं, ते न पोचलेल्यांना विसरतं.

आपल्या जिल्ह्याचा एक ढोबळ हिशेब मांडते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी साधारण १५ धरला तर वर्षाला ५५ ते ६० हजार बाळं होतात. अडीच ते तीन हजार जन्मांमागं एक सीडीएच, असं सर्वसाधारण प्रमाण सांगितलं जातं. म्हणजे दरवर्षी जिल्ह्यात अशी वीसएक बाळं असायला हवीत. आमच्यासारख्या विभागांत तेवढी येतात का? नाही. मग बाकीची कुठं आहेत? काही पुण्या-मुंबईला, काही बेळगावला गेली असतील. काही गर्भपातात गेली असतील. काही जन्मून तासाभरात गेली, आणि कागदावर फक्त ‘श्वासाचा त्रास’ उरला.

आमच्यापर्यंत पोचूनही न वाचलेलं एक बाळ माझ्या डोक्यातून जात नाही. डावीकडचा हर्निया, यकृत खाली, फुप्फुसाचं माप चांगलं, दुसरा दोष नाही. पुस्तकाप्रमाणं हे बाळ वाचण्याच्या बाजूचं होतं. घरच्यांनाही तसंच सांगितलं गेलं होतं, आणि ‘चांगलं आहे’ हे ऐकून त्यांनी बाळंतपण घराजवळच्या एका लहान दवाखान्यात करायचं ठरवलं. बाळ जन्मल्यावर निळं पडायला लागलं तसा तोंडावर मास्क धरून अंबू बॅगनं बराच वेळ श्वास दिला गेला. ज्यांनी दिला त्यांनी जीव तोडूनच दिला असणार. पण या बाळांत ती हवा छातीत चढलेल्या जठरात आणि आतड्यांत शिरते, ती फुगतात आणि उरलंसुरलं फुप्फुसही दाबून टाकतात. सीडीएच आधीच ठाऊक असेल तर मास्कनं श्वास द्यायचा नाही, लगेच श्वासनलिकेत नळी घालायची आणि पोटातली हवा काढायला नाकातून जठरात नळी टाकायची, ही साधी गोष्ट तिथं कुणाला कळवलेलीच नव्हती. आमच्याकडं आलं तेव्हा बाळाच्या छातीत फुगलेल्या आतड्यांशिवाय काही दिसत नव्हतं. ऑपरेशनपर्यंत आम्ही त्याला नेऊ शकलो नाही.

त्या बाळाचा आकडा चुकला होता का? नाही. आकड्याची अट पाळली गेली नव्हती. ‘सत्तर-ऐंशी टक्के’ या शब्दांच्या मागं ‘योग्य ठिकाणी जन्मलं तर’ असतं, ते कुणी उच्चारलं नव्हतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. गगनबावडा जवळ, पण घाटात पाऊस धरला की तेही लांब. बाळ आईच्या पोटात असताना तिला इथं आणणं हा सगळ्यात सुरक्षित प्रवास. जन्मानंतर १०८ मधून आणणं हा त्याच्या कितीतरी मागचा पर्याय. शेवटच्या आठवड्यांत आईनं शहरात येऊन राहावं, तारीख ठरवून प्रसूती व्हावी, त्या दिवशी नळी घालणारा माणूस खोलीत उभा असावा. भाकीत सांगणाऱ्यानं एवढं ठरवून दिलं नाही, तर त्यानं अर्धंच काम केलं असं मला वाटतं.

याची उलटी बाजूही तितकीच खरी. ‘काही उपयोग नाही’ असं एकदा फाइलवर उमटलं की पुढं प्रत्येक हात थोडा सैल पडतो. नळी घालायला थोडा उशीर, रक्तातले वायू तपासायला थोडा उशीर, पुढं पाठवायचा फोन करायला थोडा उशीर. बाळ जातं आणि सगळ्यांना वाटतं, बघा, आकडा बरोबर होता. असा आकडा स्वतःच स्वतःला खरा करतो. परदेशातला कमी टक्का इथं सांगताना या गोष्टीची भीती प्रत्येकाला वाटायला हवी.

जन्मानंतर भाकीत पुन्हा करायचं असतं, हेही आपल्याकडं राहून जातं. पोटातला आकडा घेऊन आलेलं बाळ पहिल्या चोवीस तासांत स्वतःबद्दल खूप काही सांगतं. त्याचं वजन, पाचव्या मिनिटाचा ॲपगार (बाळाची स्थिती बघून देतात ते गुण), कार्बन डायऑक्साइड खाली येतोय की नाही. उजव्या हाताला लावलेला ऑक्सिजनचा प्रोब आणि पायाला लावलेला प्रोब यांच्यात किती फरक आहे, यावरून फुप्फुसातला दाब हृदयावर किती उलटतोय याचा अंदाज येतो. हा दुसरा प्रोब पायाला लावायला काहीच कष्ट नाहीत, आणि तरी तो लावलेला नसतो. जगभरच्या रुग्णालयांच्या एकत्र नोंदीतून २००१ मध्ये जन्माचं वजन आणि पाच मिनिटांचा ॲपगार या दोनच गोष्टींवर एक सूत्र निघालं. २०१४ मध्ये त्याहून साधं गुणांकन आलं. त्यात वजन, ॲपगार, फुप्फुसातला तीव्र दाब, हृदयाचा मोठा दोष आणि गुणसूत्रांचा दोष एवढंच बघतात. यातलं काहीही आपल्याला न परवडणारं नाही. ऑपरेशनच्या वेळी भोक केवढं आहे ते ‘ए’ ते ‘डी’ अशा श्रेणीत लिहितात. तो तर फार मोठा दाखला, आणि ऑपरेशनच्या नोंदीत ते एक अक्षर लिहायला क्षणही लागत नाही.

हे आईबापांनाही कळलं पाहिजे. काही बाळं पहिले काही तास छान दिसतात, गुलाबी असतात, आणि मग ढासळतात. आधी सांगितलेलं नसेल तर घरच्यांना वाटतं, रात्रीच्या ड्युटीवाल्यांनी काहीतरी घोळ घातला. आधी सांगितलेलं असेल तर तेच लोक आमच्याबरोबर उभे राहतात.

बोलायच्या पद्धतीबद्दल मला हक्कानं सांगायचंय. आमच्याकडच्या बाया विचारतात, “सिस्टर, जगंल न्हवं ओ माझं बाळ?” टक्का विचारत नाहीत. टक्का आपण देतो, कारण तो द्यायला सोपा असतो. द्या, पण त्याच्याबरोबर सांगा: तुमच्या बाळासारखी दहा बाळं चांगल्या ठिकाणी जन्मली तर त्यातली इतकी घरी जातात, तुमचं त्यात कुठलं ते आज कुणालाच सांगता येणार नाही, जन्मल्यावर एका दिवसानं आपण पुन्हा बोलू. नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगा, एकट्या भावाला किंवा सासऱ्याला बाजूला घेऊन नको. बालशल्यचिकित्सकाशी आणि नवजात तज्ज्ञाशी भेट घालून द्या. आणि न चुकता सांगा की यात आईची चूक नाही. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, पाण्याची घागर उचलली, या गोष्टी अजूनही बाईच्या डोक्यावर थापल्या जातात. बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही. डॉक्टरांनी घरच्यांसमोर हे एकदा म्हटलं तर त्या बाईचं पुढचं आयुष्य बदलतं, इतकं त्याचं वजन असतं.

गर्भपाताचा निर्णय हा त्या जोडप्याचा आहे. ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी कायद्यानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर त्यापुढंही वैद्यकीय मंडळाच्या मार्फत रस्ता आहे. कोणीही काहीही ठरवलं तरी त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं इतकंच की हा निर्णय चुकीच्या समजलेल्या टक्क्यावर होऊ नये. त्यासाठी ॲनोमली स्कॅन, म्हणजे गर्भातले दोष शोधणारी सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवा. आमच्याकडं येणाऱ्या कित्येक जणींना हर्निया सातव्या-आठव्या महिन्यात कळलेला असतो. मग भाकीत काय आणि निवड काय, सगळंच घाईचं.

जगलेल्या बाळांचंही काही सांगते, कारण घरी गेलं म्हणजे संपलं असं नाही. दूध वर येणं, वजन न भरणं, पुन्हा हर्निया होणं, वारंवार छाती भरणं, काहींना ऐकू कमी येणं, विकासाला उशीर. ऐकण्याचा दोष तर पहिली तपासणी चांगली येऊनही नंतर उद्भवू शकतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची जी यादी आहे तिच्यात सीडीएचचं नाव नाही. पण तपासणी करणारी पथकं आहेत, जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रं आहेत. ही मुलं तिथं पाठवायला कुणाची हरकत आहे?

आता मागणं. एक जिल्हा नोंदवही. कुठल्याही सोनोग्राफी केंद्रावर सीडीएच दिसला की त्याच आठवड्यात नोंद. बाजू, आठवडे, यकृत, जठर, फुप्फुसाचं माप आणि ते घेण्याची पद्धत, हृदय, इतर दोष. मग पुढं काय झालं तेही, गर्भपात झाला असेल तर तो, पोटात गेलं असेल तर ते, वाटेत गेलं असेल तर तेही. नाव-गाव गुप्त ठेवून. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळं प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ तुम्ही भरताच, महिन्याच्या महिन्याला पाठवता. याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली उरल्या होत्या, आणि त्यानंतरच्या दशकात याच जिल्ह्यानं सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणी टिपून ठेवणारं उपकरण, बसवून देशाला दाखवलं की मनात आणलं तर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवता येते. ज्या कारखान्यांच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन किलोपर्यंत लिहिलं जातं, त्या जिल्ह्याला वर्षाला वीस बाळांचा हिशेब जड जाऊ नये.

तीन-चार वर्षांत आपल्याकडं साठ-सत्तर बाळांची खरी नोंद जमेल. मोठ्या अभ्यासाला ती पुरणार नाही. पण यकृत खाली असलेली, कोल्हापुरात जन्मलेली बाळं किती घरी गेली आणि तालुक्याच्या गावी जन्मलेली किती, एवढं त्यातून नक्की दिसेल. मग समोर बसलेल्या बाईला सांगायला आपल्याकडं आपला स्वतःचा आकडा असेल, आणि तो वाढवायचा कसा हेही त्याच वहीत दिसेल.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी यासाठी स्त्रीरोग, रेडिऑलॉजी आणि बालरोग या तिन्ही संघटनांची एक बैठक बोलवावी, अशी माझी विनंती आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूती कक्षांत भिंतीवर एक कागद लागावा: सीडीएच माहीत असेल तर मास्कनं श्वास देऊ नका, नळी घाला, जठर रिकामं करा, उजव्या हाताला प्रोब लावा, इथं फोन करा. वही कुणी सांभाळायची हा प्रश्न निघाला तर आमच्या विभागातल्या सिस्टर तयार आहेत. रकाने आखून ठेवले आहेत. बाहेरगावी पाठवलेल्या बाळांच्या घरी महिन्यानं आणि वर्षानं चौकशी करायला आशाताईंची मदत लागेल, त्यांच्यासाठी लेखी आदेश हवा, तो तेवढा आरोग्य अधिकाऱ्यांनी काढावा.

आपली नम्र,
नवजात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका
कोल्हापूर